एका बोल्टाची परवानगी

शुक्रवारी सकाळी नागसेन गणवीर सरांनी गाडीची किल्ली फिरवली. इंजिन घुरघुरलं आणि गप्प झालं. सरांनी पुन्हा फिरवली, ते पुन्हा घुरघुरलं. एखाद्या विद्यार्थ्याला उत्तर येत असावं आणि ऐनवेळी आठवू नये, तसा तो आवाज होता. सरांनी आपल्या सवयीप्रमाणे त्याला तिसरी संधी दिली आणि मग रिक्षाने कॉलेजात गेले.

एरवी ही बाब इथेच मिटली असती. गाडी नऊ वर्षांची होती आणि या वयात गाड्या रुसतातच. पण आदल्याच संध्याकाळी सरांनी मनीषनगरातल्या मैत्री अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये सर्वांसमक्ष एक विधान केलं होतं. सरांच्या पत्नी प्रीतीताई यांची मुख्याध्यापिका म्हणून बढती झाली होती. शाळा सावनेरच्या पुढे, रुजू व्हायचं सोमवारी साडेदहाला. पेढे वाटताना पहिल्या मजल्यावरच्या मधुकररावांनी विचारलं, "मॅडम जातीन कशा?" प्रीतीताई म्हणाल्या, "बसनं, आणखी कशानं?" त्यावर सर, कुणी विचारलेलं नसताना, म्हणाले, "मुख्याध्यापिका पहिल्या दिवशी बसनं जाईल? मी स्वतः गाडीनं नेऊन सोडीन." चार-पाच जणांनी माना डोलावल्या. माना डोलावल्या गेल्या की विधानाचं वचन होतं, आणि वचन पेढ्यासारखं परत घेता येत नाही.

दुपारी सरांनी मेकॅनिक अंकुशला फोन केला. अंकुश चुलतभावाच्या लग्नाला बालाघाटला गेला होता. मागे बँड वाजत होता.

"सर, सेल्फ मारून राहिला नं?"

"हो. पण स्टार्ट होत नाही."

"मंग सेन्सर असन. क्रँकचा नाही त कॅमचा. इंजिन कुठं फिरून राहिलं हे त्यायच्यानंच समजते गाडीले. मी मंगळवारी येतो, तवर हात नका लावू."

मंगळवार सोमवारनंतर येतो. शिवाय "हात नका लावू" हे वाक्य फिजिक्सच्या प्राध्यापकाला उद्देशून म्हणायचं नसतं. सरांनी मोबाइलवर शोध घेतला आणि जे कळलं त्याने त्यांचा चेहरा उजळला. क्रँकचा सेन्सर म्हणजे एक चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तार. समोरून दातेरी चाक फिरलं की तारेत वीज निर्माण होते. म्हणजे विद्युतचुंबकीय प्रवर्तन, म्हणजे सरांचा आवडता धडा! चोवीस वर्षं ते तो शिकवत होते. त्या धड्यावर त्यांच्या नोट्स सावनेरपर्यंत झेरॉक्स होऊन जात. आणि तोच धडा आज त्यांच्याच गाडीत बिघडून बसला होता. यासाठी मंगळवारपर्यंत थांबणं त्यांना विषयाचा अपमान वाटला.

चाचणी सोपी होती. सेन्सरचा प्लग काढायचा, दोन पिनांना मल्टीमीटर लावायचा, रोध मोजायचा. पाचशे-सहाशे ओहम आले तर सेन्सर जिवंत. मीटरवर डाव्या कोपऱ्यात नुसता एकटा १ दिसला तर तार तुटलेली, सेन्सर मेलेला.

मल्टीमीटर कॉलेजच्या प्रयोगशाळेत होता आणि प्रयोगशाळा महादेवरावांच्या ताब्यात होती. महादेवराव प्रयोगशाळा सहायक. त्यांच्या हाताखालून गेल्या एकोणीस वर्षांत एक टाचणीही नोंदीशिवाय बाहेर गेली नव्हती. त्यांनी छापील फॉर्म पुढे सरकवला. प्रयोगाचं नाव, उद्देश, विद्यार्थीसंख्या.

"महादेवराव, घरी न्यायचाय. विद्यार्थी कुठले?"

"रकाना खाली ठेवता येत नाही सर. ऑडिटवाले मले विचारतात, काहून खाली हाय म्हणून."

सरांनी विचार करून विद्यार्थीसंख्येत 'एक' लिहिलं. महादेवरावांनी कपाटात सर्वांत वर ठेवलेल्या डब्यातून पिवळा मल्टीमीटर काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि सही घेतली.

शनिवारी सकाळी सर पार्किंगमध्ये उतरले. अंगात जुना टी-शर्ट, एका हातात मीटर, दुसऱ्या हातात वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एक फ्लेक्स. तो प्रभागातल्या कुठल्याशा भाऊंचा होता. सरांनी तो गाडीखाली अंथरला आणि हसऱ्या भाऊंच्या छातीवर डोकं टेकवून ते आत सरकले. मोबाइलमधल्या माणसाने हीच चाचणी उभ्या उभ्या केली होती, कारण त्याची गाडी छतापर्यंत उचललेली होती. हा तपशील त्याने सांगितला नव्हता. सरांना सेन्सर दिसत होता, पण त्याच्यापर्यंत पोचायला मनगटाला आणखी एक सांधा हवा होता.

"सर?" गाडीबाहेर दोन पांढऱ्या चपला येऊन थांबल्या. हे सोसायटीचे सचिव गोपाळराव. "काय करून राहिले तुमी?"

"गाडी बघतोय."

"नियम अकरा. पार्किंगमधी वाहनदुरुस्तीले सक्त मनाई हाय. मागं त्या तिसऱ्या मजल्यावाल्यानं ऑइल सांडवलं, माया मिसेस घसरल्या, इसरले का?"

सर भाऊंच्या छातीवरून म्हणाले, "गोपाळराव, मी दुरुस्ती करतच नाहीये. ही चाचणी आहे."

गोपाळराव आयुष्यभर रजिस्ट्रार कचेरीत होते. शब्दाशब्दांतला फरक त्यांना चटकन कळायचा. "चाचणीले मनाई नाही," त्यांनी कबूल केलं. "पण पाना लागला की दुरुस्ती. मी इथंच बसतो." आणि त्यांनी वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची ओढून घेतली.

तोवर मधुकरराव चहाचा कप घेऊन आले होते. मधुकरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कुठलीही अडलेली गोष्ट पाहिली की ती कशी सोडावी याविषयी त्यांना मत असायचं. पेट्रोलमध्ये पाणी गेलं असेल, हे एक. गाडी उन्हात ढकलून ठेवा, हे दुसरं. त्यांच्या साडूची गाडी अशीच बंद पडली होती आणि ती साडूने विकली, हे तिसरं. त्याचा उपयोग काय ते त्यांनी सांगितलं नाही.

अखेर अकराच्या सुमारास सरांची दोन बोटं प्लगपर्यंत पोचली. प्लग निघाला. मीटरच्या दोन्ही सुया त्यांनी पिनांना टेकवल्या आणि मान वाकडी करून पाहिलं. डाव्या कोपऱ्यात एकटा १.

"मेलाय!" सर गाडीखालून ओरडले.

"कोण?" गोपाळराव खुर्चीतून उठले.

खात्री म्हणून सरांनी दुसरी चाचणी घ्यायचं ठरवलं. इंजिन फिरत असताना सेन्सरमधून किती व्होल्ट येतात ते बघायचं. त्यासाठी कुणीतरी आत बसून सेल्फ मारणं भाग होतं. मधुकररावांनी कप गोपाळरावांच्या हाती दिला आणि स्टीअरिंगमागे बसले.

"मी 'मारा' म्हटलं की मारा, 'बस' म्हटलं की थांबा."

"मारा" त्यांना ऐकू गेलं. "बस" ऐकू गेलं, पण ते आधीच बसलेले होते. त्यामुळे ते मारत राहिले. इंजिन घुरघुरलं, मग कण्हलं, मग एक टकटक उरली, मग तीही गेली. मीटरवर शून्य होतं आणि आता बॅटरीतही शून्य होतं.

"आवाज कमी कमी होत गेला," मधुकरराव खाली उतरून म्हणाले. "मले वाटलं आता होतेच स्टार्ट."

सरांनी रागावर ताबा ठेवला, कारण निदान पक्कं झालं होतं. क्रँकचा सेन्सर गेला. कॅमच्या सेन्सरची चाचणी घ्यायची गरजच उरली नाही. आता नवा आणायचा आणि बसवायचा. सेन्सर एका बोल्टवर होता. एकाच, दहा नंबरच्या.

"म्हणजे पाना," गोपाळराव म्हणाले.

सरांनी वर जाऊन अर्ज लिहिला. विषय: वाहनातील एक बोल्ट काढणे व पुन्हा लावणेबाबत. संध्याकाळी पार्किंगमध्येच तीन सभासदांची तातडीची बैठक भरली. मधुकररावांनी आपला साडू पुन्हा मांडला. चर्चेअंती 'विशेष बाब म्हणून एक बोल्ट' मंजूर झाला आणि या निर्णयाचा पायंडा पडणार नाही अशी ओळ खाली आली. सरांनी तो ठराव घडी करून खिशात ठेवला. प्रीतीताई वरून गॅलरीतून हे पाहत होत्या. त्यांना सोमवारी करायच्या भाषणाचे दोन परिच्छेद जमत नव्हते आणि ते कुणाला तरी वाचून दाखवायचे होते. ज्याला वाचून दाखवायचे तो माणूस सकाळपासून जमिनीला समांतर होता.

रविवारी सर नवा सेन्सर आणायला जरीपटक्याच्या बाजारात गेले. निम्मी दुकानं बंद होती, उरलेल्या निम्म्यांत गर्दी होती. दुकानदाराने चासी नंबर विचारला. तो गाडीवर होता आणि गाडी मनीषनगरात. मग प्रीतीताईंना फोन, त्या खाली गेल्या, काचेवरचा नंबर वाचला, एक आकडा आठ आहे की तीन यावर नवरा-बायकोत फोनवरच वाद झाला, दुकानदार मध्ये दोन गिऱ्हाइकं करून आला, आणि दुपारी बारा वाजता सर एक छोटी डबी छातीशी धरून परतले.

गोपाळराव खुर्चीत तयार होते. सरांनी त्यांना पाना दाखवला आणि ते भाऊंच्या छातीवर आडवे झाले. बोल्ट सैल झाला, जुना सेन्सर निघाला, नवा बसला. सर्व इतकं नीट चाललं होतं की सरांच्या तोंडून गाणं निघायला लागलं. आणि त्याच वेळी बोल्ट हातातून निसटला. तो टणटण करत इंजिनच्या खालच्या प्लास्टिकच्या झाकणात कुठेतरी जाऊन विसावला.

"पडला?" बाहेरून गोपाळराव.

"पडला. झाकण काढावं लागेल. सहा स्क्रू आहेत."

"सर, ठरावात एकच बोल्ट हाय," गोपाळराव हळू आवाजात म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, हे चपलांवरूनही कळत होतं.

सर तसेच पडून राहिले. डोळ्यांत वंगणाचा थेंब गेला होता, तो त्यांनी पुसलाही नाही. चोवीस वर्षांत हजारो पोरांना इंजिनिअरिंगच्या दारात नेऊन सोडलेला माणूस आपल्या बायकोला सावनेरला सोडू शकत नव्हता, आणि त्याच्या नाकासमोर सहा स्क्रू होते ज्यांना हात लावणं बेकायदेशीर होतं.

मग गोपाळरावांनी चपला काढल्या. पांढरा सदरा कोपरापर्यंत सारला, फ्लेक्सच्या उरलेल्या टोकावर पालथे पडले आणि सरकत सरकत सरांच्या शेजारी आले. दोघांची तोंडं हातभर अंतरावर आली.

"स्क्रू अन् बोल्ट," गोपाळराव म्हणाले, "यात फरक असते. नियमात स्क्रूचं नाव नाही. द्या पेचकस इकडं."

तासाभराने दोघेही काळे होऊन बाहेर आले. बोल्ट सापडला होता. सोबत झाकणात वाळलेली पानं, एक शेंगदाणा आणि पराठ्याचा तुकडाही सापडला होता, पण त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मधुकररावांनी आपली गाडी शेजारी आणून लावली, केबल जोडल्या, बॅटरीत जीव आला. इमारतीतली आठ-दहा माणसं जमली. प्रीतीताईही खाली आल्या. सरांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि किल्ली फिरवली.

घुरघुर. फक्त घुरघुर.

"माया साडूचंही असंच..." मधुकररावांनी सुरुवात केली, पण प्रीतीताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते थांबले.

लोक पांगले. सरांनी यांत्रिकपणे नव्या सेन्सरलाही मीटर लावला. डाव्या कोपऱ्यात एकटा १. म्हणजे नवाही मेलेला? डबीतून निघाल्या निघाल्या? सर बराच वेळ त्या एकाकडे पाहत राहिले. मग त्यांनी सावकाश, जणू कुणाची तरी चोरून झडती घ्यावी तसं, मीटरची लाल सुई काळ्या सुईला टेकवली. एक सुई दुसरीला टेकली की मीटरने शून्य दाखवायला हवं.

१.

बिघाड मीटरच्या तारेत होता. लाल तार मुठीजवळ आतून तुटलेली होती. काहीही मोजा, जिवंत माणूस मोजा, त्या मीटरने मेलाच म्हटलं असतं. आणि मोजण्यापूर्वी दोन्ही सुया एकमेकींना टेकवून बघाव्यात, हे वाक्य गणवीर सर दरवर्षी जूनमध्ये फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा ओढत.

"काय झालं?" प्रीतीताई जवळ येऊन उभ्या राहिल्या. पार्किंगमध्ये आता दोघंच होती.

सर खोटं बोलू शकले असते. सेन्सर बनावट निघाला म्हणाले असते, जरीपटक्याच्या दुकानदाराला दोन शिव्या दिल्या असत्या, सगळं निभावलं असतं. पण त्यांनी दोन्ही सुया त्यांच्यासमोर टेकवल्या आणि आकडा दाखवला. प्रीतीताई विज्ञानाच्याच शिक्षिका होत्या. त्यांना कळायला वेळ लागला नाही.

"पहिल्यांदाच टेकवून नाही पाहिल्या?"

"नाही."

"दोन दिवस?"

"दोन दिवस."

प्रीतीताईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. हसू होतं की दुसरं काही, हे सरांना वर बघायचं धाडस न झाल्यामुळे कळलं नाही. "मग आता ती तार कापा अन् नीट जोडा," त्या म्हणाल्या. "मी कात्री आणते. आणि नोंदवहीत काय लिहायचं ते महादेवरावायले उद्या सांगा."

तार कापली, सोलली, जोडली. मग सरांनी सगळं पहिल्यापासून केलं. जुना सेन्सर: पाचशे चाळीस ओहम. जिवंत. नवा सेन्सर: पाचशे पासष्ट. तोही जिवंत. म्हणजे दोष सेन्सरमध्ये नव्हताच, तो सेन्सरपासून वर जाणाऱ्या वायरीत असला पाहिजे. प्रीतीताईंनी टॉर्च धरला आणि सर वायरीवरून बोट फिरवत वर वर गेले. वीतभर अंतरावर बोट थांबलं. वायरीचं आवरण कुरतडलेलं होतं. आत तांब्याचा एकच केस शिल्लक होता.

"उंदीर," प्रीतीताई म्हणाल्या. दोघांनी बाजूला पडलेल्या पराठ्याच्या तुकड्याकडे पाहिलं.

सरांनी तुटकी टोकं पिळून टेप गुंडाळली आणि किल्ली फिरवली. गाडी अशी पटकन सुरू झाली, जणू तिला कधी काही झालंच नव्हतं. वरच्या गॅलऱ्यांमधून टाळ्या आल्या. गोपाळराव अंघोळ करून नवा पांढरा सदरा घालून उभे होते, तेही टाळ्या वाजवत होते. मधुकरराव सर्वांना सांगत होते की वायरीचा संशय त्यांना शनिवारीच आला होता.

बालाघाटहून अंकुशचं फोनवर एकच म्हणणं पडलं. "सर, टेप कच्ची हाय अन् बॅटरी दमली हाय. उद्या रस्त्यात कुठंई गाडी बंद नका करू."

सोमवारी गाडी तिसऱ्या प्रयत्नात सुरू झाली आणि सरांनी तिला बंद केलं नाही. पेट्रोल आदल्या दिवशीच भरलेलं होतं. सिग्नलला प्रीतीताईंनी भाषणाचा कागद काढला आणि सगळं वाचून दाखवलं. सर इंजिनचा आवाज ऐकत होते. "कसं वाटलं?" असं विचारल्यावर ते म्हणाले, "जरा घरघरतंय." प्रीतीताईंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

दहा वाजून वीस मिनिटांनी गाडी शाळेच्या मैदानात शिरली. शिक्षकमंडळी फुलं घेऊन उभी होती. सरांनी प्रीतीताईंना उतरवलं आणि आपण आतच बसून राहिले, इंजिन चालू, पाय हलकासा अ‍ॅक्सिलरेटरवर. ऑफिसच्या खिडकीतून त्यांना प्रीतीताईंची पाठ दिसत होती. त्या हजेरीपटावर सही करत होत्या. मग टाळ्या, मग शाल, मग भाषण. ऐकू काहीच येत नव्हतं. शेवटी कुणीतरी बाहेर येऊन म्हणालं, "सर, फोटोसाठी मॅडम बोलवून राहिल्या." नाही म्हणायला कारण नव्हतं. सरांनी हँडब्रेक ओढला, इंजिन तसंच चालू ठेवलं आणि धावत आत गेले.

फोटो झाला. सर बाहेर येतात तो मैदानात विलक्षण शांतता. शाळेचे शिपाई देवाजी, साठीला आलेले, दोन्ही हातांनी किल्ली पुढे धरून उभे होते.

"सर, गाडी चालूच राहिली होती तुमची. इसरले असान. म्या बंद केली. फुकटचं पेट्रोल जळून राहिलं होतं."

सरांनी किल्ली घेतली. देवाजींचे आभार मानले. आत बसून सेल्फ मारला. टक, एवढंच उत्तर आलं.

सर स्टीअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिले. चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांना काहीही सुचत नव्हतं. तेवढ्यात ऑफिसच्या पायऱ्यांवरून प्रीतीताई खाली आल्या. खांद्यावर शाल, हातात गुलाबाची फुलं. त्यांनी गाडीकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि मागे वळून शिक्षकवृंदाला उद्देशून मुख्याध्यापिका म्हणून आपली पहिली सूचना दिली.

"सर्वांनी मागं या. दुसऱ्या गिअरमधी टाका हो तुम्ही. मी तीन म्हटलं की धक्का."

अकरा शिक्षक आणि देवाजी कामाला लागले. एक, दोन, तीन! गाडी धुरळा उडवत सरकली, सरांनी क्लच सोडला, इंजिनने दोन आचके दिले आणि ते गरजलं. शिक्षकांनी आरोळी ठोकली. पण आता थांबणं शक्य नव्हतं. आज कुठल्याही थांबण्यावर सरांचा विश्वास उरला नव्हता. त्यांनी मैदानाला एक फेरी मारली आणि प्रीतीताईंच्या समोरून जाताना काच खाली करून ओरडले, "संध्याकाळी किती वाजता येऊ?"

उत्तर यायला दुसरी फेरी घ्यावी लागली. "साडेपाच!"

तिसऱ्या फेरीला, शाल आणि फुलं घेऊन उन्हात उभ्या असलेल्या आपल्या बायकोकडे पाहताना, सरांच्या लक्षात एक गोष्ट आली. गुरुवारपासून आतापर्यंत सगळ्या इमारतीने, सगळ्या नातेवाइकांनी जे म्हटलं होतं ते त्यांनी अजून म्हटलंच नव्हतं. गाडी पुन्हा तिच्यासमोर येईपर्यंत त्यांनी दम धरला. मग अर्धं अंग खिडकीबाहेर काढून, अकरा शिक्षकांदेखत, जीव तोडून ओरडले:

"प्रीती, अभिनंदन!"

प्रीतीताई लाजल्या. त्यांनी शाल सावरली. चौथ्या फेरीला त्या दोन पावलं पुढे आल्या, हातांचा कर्णा केला, आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर दिलं:

"समोर पाहा नं! झेंड्याचा खांब!"